राक्षसाचा उजवा हात

३ फेब्रुवारी

छोट्या,

हे पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी डॉक्टरकडे जाऊन ये. मेंदू आणि नसांचा जो डॉक्टर असतो त्याच्याकडे. कोपऱ्यावरचा खोकल्याचं औषध देणारा नको. उद्याच जा. भांडणातला हा माझा नवा डाव नाही, तुझ्या वहिनीची शपथ. ती शेजारीच उभी आहे आणि म्हणतेय, "माझी कशाला, स्वतःची घ्या."

फोन तू उचलत नाहीस. मेसेज तुझ्यापर्यंत पोचतच नाहीत. तेव्हा कागदच उरला.

राक्षसाचा दुसरा सिनेमा करतोय आपण. ('आपण' सवयीने लिहिलं गेलं, सोडून दे.) राक्षस तोच, आळशी, डोंगराएवढा, मनाने मऊ. तू दुसऱ्या स्टुडिओत निघून गेलास, म्हणून पहिल्या वेळी ठिपक्यांचा सूट घालून तू जे चाललास, बसलास, जांभया दिल्यास, ते कच्चं चित्रण बाहेर काढायचं ठरलं. काम दिलं इस्त्रीबाईला. सूटवरचे ठिपके कॅमेऱ्यांनी टिपायचे आणि तीच हालचाल पडद्यावरच्या राक्षसाला द्यायची; त्या हालचालीतले झटके आणि थरथर काढून ती सगळं सपाट करते, म्हणून हे नाव तूच ठेवलंस. आता ती हजेरीपटावरही तेच लिहिते.

परवा ती माझ्या खोलीत आली. "सर, जरा बघता?"

तिचा आवाज ऐकूनच मी हातातलं काम ठेवलं. तुला माहीत आहे, मला चित्रातलं ओ की ठो कळत नाही. ट्रेमध्ये वाळू घालून तिच्यावर बूट आपटले, कार्टूनच्या पायांचे आवाज काढले, त्यावर पोट भरलं आणि त्यातूनच हा स्टुडिओ उभा केला. मला जे कळतं ते कानाला कळतं. आणि तिच्या आवाजात भीती होती.

पडद्यावर काळोख, त्यात पांढरे ठिपके. राक्षस बसलाय. म्हणजे तू बसलायस, इस्त्री फिरण्याआधीचा. अंगभर सगळे ठिपके शांत. उजव्या मनगटाचे आणि बोटांचे तेवढे हलतायत. एका तालात, मशिनसारखे.

"कॅमेऱ्याची गडबड," मी म्हटलं. "तेव्हाही हाच घोळ होता. तो कॅमेरेवाला आला, चहा प्यायला आणि म्हणाला, रस्त्यावरून ट्रक जातात म्हणून हॉल हादरतो."

"ट्रकने एकटं मनगट कसं हलवलं, सर? आणि हे बघा. हात उचलला की थरथर बंद. मांडीवर टेकवला की सुरू. पुन्हा उचलला, बंद." मग तिने लॅपटॉप मिटला. "माझ्या मोठ्या काकांचा हात असाच आहे. कंपवात."

मी हबकलो रे. थरथर दिसली की पुसायची हे तिचं काम, आणि ती ते चोख करते. तेव्हाही तिने तेच केलं आणि मी शाबासकी दिली. तुझं शरीर काहीतरी सांगत होतं आणि आम्ही ते बिघाड समजून शॉटमागून शॉट गुळगुळीत करत बसलो होतो.

तू हाताने चित्र काढणारा माणूस. त्या हाताचं काय होणार या विचाराने मला जेवण जात नाहीये.

टायटलमध्ये 'राक्षसाच्या आतला माणूस' म्हणून तुझं नाव घालायचं की नाही, त्यावर माझं मत अजून तेच आहे. राक्षस राक्षसाच्या नावानेच चालला पाहिजे; आत कोण आहे हे कळलं की तो मेला. पण ते भांडण बाजूला ठेव. आधी हात दाखव.

अजूनही रागावलेला,
दादा


१६ फेब्रुवारी

छोट्या,

पत्र पोचलं, हे मला ढगोबाकडून कळलं. तोच, दोन्ही स्टुडिओंसाठी आकाशं रंगवून देणारा. म्हणाला, तू ते जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवलंस. "दादाने नवी गोष्ट लिहिलीये, पहिल्याच सीनमध्ये मला मारलंय." वाक्य झकास आहे, मीही हसलो. मग ते हसू मध्येच कुठेतरी अडकलं.

तू गेला नाहीस, म्हणून मी गेलो. डॉक्टरीणबाईंना क्लिप दाखवली.

"ठिपक्यांना मी औषध देत नाही," त्या म्हणाल्या. "माणूस आणा."

"माणूस येत नाही."

"का?"

"भाऊ आहे."

त्यावर त्यांनी असं काही "हंऽऽ" केलं, जसं काही हेही एक दुखणंच असतं आणि त्यांच्याकडे रोज येतं.

पण बाई चांगल्या आहेत. म्हणाल्या, नुसत्या थरथरीवर जाऊ नका. चालताना एक हात झुलायचा थांबतो, पाऊल घासतं, अक्षर बारीक होत जातं, चेहरा कमी हलतो. लवकर लक्षात आलं आणि औषध सुरू झालं तर माणूस पुढची बरीच वर्षं आपली कामं आपल्या हाताने करतो. उशीर केला तर तेवढी वर्षं हातची जातात. ऐकलंस ना? तुझ्या हातातलं पेन किती वर्षं राहायचं याचा प्रश्न आहे, आणि तू विनोद करतोयस.

हे मनाला इतकं लागलंय की माझंच काही धड होत नाही. काल सगळ्या टीमचा फोटो काढला. फोटोवाला म्हणत होता, "साहेब, जरा हसा की." अरे, हसतच होतो मी. आणि हे पत्र बघून तुझी वहिनी म्हणते, एवढं मुंगीसारखं लिहायला कागद महाग झालाय का? मी म्हटलं, राग बारीक अक्षरात जास्त मावतो.

सोबत पेन ड्राइव्ह पाठवतोय. माझं पत्र वाचू नकोस, पण हे बघ. कुठेही काही हलताना दिसलं की तुझी मान वळतेच. लहानपणी वरातीत लोक नवरदेव बघायचे आणि तू घोड्याचे गुडघे बघत बसायचास.

एक गंमत सांगतो, तुला बरं वाटेल. तू तडकाफडकी निघून गेलास तेव्हा उरलेल्या सीनसाठी तो सूट मी घातला होता. हसू नकोस. पोटावर चेन लागेना, दोघांनी ओढून लावली. तुझ्यासारखं चालायचा प्रयत्न केला. दोन दिवसांनी दिग्दर्शक गोड आवाजात म्हणाला, "साहेब, तुम्ही आता खरंच बसा." ते टेक केरात गेले, आणि उरलेले सीन तुझ्याच जुन्या टेकवर भागवले. तुझी जागा कुणाला भरता आली नाही, हे लिहून देतो.

काळजीत असलेला,
दादा


१ मार्च

छोट्या,

काल काय झालं ते तुझ्या बाजूने तुला माहीत आहे. माझ्या बाजूने ऐक.

मी तुझ्या स्टुडिओसमोर, किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानाच्या आडोशाला उभा होतो. हो, लपून. स्वतःच्या भावाचा हात चोरून बघायला सकाळची बस पकडून आलो होतो. किल्लीवाल्याला संशय यायला नको म्हणून एक किल्लीही करून घेतली. ती कुठल्या कुलपाची ते त्यालाही माहीत नाही आणि मलाही.

तू बाहेर आलास, बरोबर चारजण. मी आधी डोळे मिटले. तुझे पाय मला गर्दीतही ऐकू येतात. टाच, चवडा, टाच, चवडा, दोन्ही बाजूंनी सारखे. कुठे घासणं नाही, अडखळणं नाही. डोळे उघडले तर तुझ्या उजव्या हातात काठोकाठ भरलेला चहा, तू बोलतोयस, हसतोयस, आणि थेंब सांडत नाहीये. मला इतका आनंद झाला की मी न बघता रस्ता ओलांडला. स्कूटरवाल्याने माझ्या आईवडिलांचा उद्धार केला, म्हणजे तुझ्याही.

"दादा? तू इथे?"

"हात दाखव."

"काय?"

"उजवा. चहा दे कुणाकडे तरी, आणि हात नुसता सोड खाली."

"लोक बघतायत, दादा."

"बघू देत. तुला प्रेक्षक लागतातच."

तुझ्याबरोबरच्या त्या निळ्या केसांच्या पोरीने विचारलं, "हे कोण?" आणि तू म्हणालास, "माझे जुने मालक." भाऊ नाही, मालक. ठीक आहे. ऐकून घेतलं.

पण हात सोडलास. ओळंब्यासारखा सरळ लोंबत राहिला. मी वाकून बघितलं, बोटांची टोकं बघितली. काही नाही.

"झालं समाधान?"

"क्लिप बघितलीस का?"

"तुझ्याकडून आलेलं मी उघडत नाही."

"एकदा उघड. मग पुन्हा तोंड दाखवणार नाही."

"हे तू मागेही म्हणाला होतास."

"तेव्हा तू गेला होतास, मी नाही."

हे बोललो आणि निघालो. थांबलो असतो तर रस्त्यातच आपलं जुनं सगळं सुरू झालं असतं. तू मागून ओरडलास, "दादा, पाय लचकलाय का तुझा?" बसने आखडला होता रे. तरी विचारलंस, बरं वाटलं. मालकाचा पाय कोण बघतो?

आता मला खरं सांग. हात एवढा शांत आहे, याचा अर्थ तू गुपचूप औषध सुरू केलंस ना? वहिनीलाही कळू न देता? नाहीतर ते ठिपके कुणाचे? बसमध्ये वाटभर हाच विचार करत होतो, आणि डोकं चालेनासं झालं.

तुझा जुना मालक


९ मार्च

छोट्या,

काल तुझा फोन आला आणि मी मध्येच ठेवून दिला. रागाने नाही. माझ्या तोंडातून आवाज निघेना. आवाजावर जगलेला माणूस मी, आणि आवाज निघेना.

तू काय बोललास ते जसंच्या तसं कानात बसलंय. "दादा, बघितली क्लिप. हा मी नाही. हा तू आहेस."

"वेडा आहेस का?" असं मी म्हणालो असेन.

"बसायच्या आधी खुर्ची खरंच तिथे आहे का, हे मागे हात नेऊन चाचपणारा माणूस जगात एकच आहे. लहानपणी मी तुझी खुर्ची ओढली होती, तेव्हापासून. उभा राहताना डावा खांदा आधी उचलतो, तोही तूच. दादा, ऐकतोयस ना? दादा?"

ऐकत होतो. म्हणूनच फोन ठेवला.

पहिला तासभर तुला शिव्या घातल्या. माझ्यावर उलटवतोय, म्हटलं. मग इस्त्रीबाईला बोलावलं. "ही फाइल कुणाची?"

"राक्षसाची."

"आत कोण आहे?"

ती बघतच राहिली. कारण ते कुठेच लिहिलेलं नाही. आपल्याकडे फाइलवर पात्राचं नाव जातं, माणसाचं जात नाही. ही शिस्त कुणी घातली हे तुला सांगायला नको. राक्षसाची फाइल म्हणजे तू, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. कच्चा टेक कुणी कधी फेकत नाही, केरात टाकला तरी तो केर सांभाळून ठेवतात, हेही मला माहीत होतं. तरी माझ्या डोक्यात आलं नाही. त्या ठिपक्यांना आवाज नव्हता रे. पाय वाजले असते तर मी ओळखलं असतं.

मग ती म्हणाली, "सर, हाड मोजता येतं." सूट घातला की कॅमेरे आधी माणसाच्या हातापायांची लांबी नोंदवतात, ती फाइलमध्ये राहते. तिने शिवणकामाची टेप आणली. "हात टेबलावर ठेवता?"

मी उजवा हात खिशातून काढला. हल्ली तो खिशातच असतो. का असतो, हे मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. टेबलावर ठेवला. तिने कोपरापासून मनगटापर्यंत टेप लावली, स्क्रीनकडे बघितलं, पुन्हा टेपकडे बघितलं. माप तंतोतंत जुळलं. पण तोवर मापाची गरजच उरली नव्हती. टेपखाली माझी बोटं हलत होती. त्याच तालात. आम्ही दोघं ती बोटं बघत होतो, जणू तिसऱ्याच कुणाची आहेत.

तिने टेप गुंडाळायला घेतली. गुंडाळून झाली तरी गुंडाळतच राहिली.

मग दिग्दर्शकाला फोन लावला. "माझे ते टेक तू फेकले होतेस ना?"

"नाही हो साहेब. राक्षस गाव सोडून जातो, तो शेवटचा सीन तुमचाच आहे. इस्त्री झाल्यावर काय भारी दिसला! हात न हलवता, मागे न बघता, जड पावलं टाकत जातो. लोक रडले त्या चालीवर."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तुम्ही सूट घालून हजर झाला असतात."

बरोबर आहे. झालो असतो.

छोट्या, तू गेल्यापासून जो भेटेल त्याला मी सांगत आलोय की तो शेवटचा सीन माझ्या भावाचा आहे. सिनेमाला मिळालेलं बक्षीस घेतानाही तेच म्हणालो. तू तिथे नव्हतास. आणि ती चाल माझी होती. अभिनय कसला, मला तसंच चालता येत होतं.

आणखी लिहिवत नाही.

दादा


२ एप्रिल

छोट्या,

तू त्यानंतर रोज फोन करतोयस आणि मी वहिनीला 'झोपलोय म्हणून सांग' म्हणतोय. खोटं बोलायचा तिला कंटाळा आलाय. म्हणून हे.

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. मला बघून म्हणाल्या, "भाऊ आला का?" मी म्हटलं, "माणूस आणलाय." त्यांना कळायला क्षणभर लागला. मग त्यांनी मला स्वतः खुर्ची दिली.

बोटं आपटायला लावली, मनगट फिरवून बघितलं, एक वाक्य लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "त्या टोकापर्यंत चालत जा आणि परत या." लांबलचक रिकामा कॉरिडॉर, गुळगुळीत फरशी. मी चालायला लागलो आणि मागून कुणीतरी येतंय असं वाटलं. एक टाच वाजते, दुसरी घासत येते. मी थांबलो, तर तोही थांबला. वळून बघितलं, तर कुणी नाही.

आयुष्यभर सशांचे, राण्यांचे, दरोडेखोरांचे पाय वाजवले मी. चोर लंगडा आहे की दमलेला, हे नुसत्या बुटावरून ऐकवायचो. स्वतः चालत असताना मात्र मी कायम दुसऱ्या कुणाचे तरी पाय ऐकत असायचो. त्या फरशीवर पहिल्यांदा माझेच ऐकले आणि भिंत धरून उभा राहिलो. बाई लांबून म्हणाल्या, "सावकाश या." मी म्हटलं, "थांबा, ऐकू द्या."

कंपवातच आहे. बाईंनी बोलताना शब्द फिरवले नाहीत, ते बरं केलं. औषध सुरू झालंय. कामं होतील, म्हणाल्या, पण हा काही परत जाणारा पाहुणा नाही.

वहिनीला मीच सांगितलं. ती म्हणाली, "तरी म्हटलं, हे हल्ली साहेबासारखे हात न हलवता का चालतात. मला वाटलं बक्षीस डोक्यात गेलं." आणि हसता हसता स्वयंपाकघरात निघून गेली. नळ सुरू केला. नळामागून काय ऐकू येत होतं ते तुला लिहीत नाही.

स्टुडिओ चालू आहे. इस्त्रीबाई फावल्या वेळात जुन्या फाइली उघडून प्रत्येकीवर आतल्या माणसाचं नाव घालतेय. माझी परवानगी तिने मागितली नाही, आणि मी मनाईही केलेली नाही. याचा अर्थ मी हरलो असा काढू नकोस. टायटलचं भांडण समोरासमोर होऊ दे, मुद्दे तयार आहेत माझे.

आता कामाचं. बाई म्हणतात, दर काही महिन्यांनी त्याच कॉरिडॉरमधून चालायचं, ते टिपायचं, आणि आधीच्या वेळेशी ताडून बघायचं. त्यांच्याकडे त्यासाठी माणूस आहे, सज्जन आहे, मोबाइलवर काढतो. इस्त्रीबाईही म्हणाली, "मी येते सर, यातलं काही पुसणार नाही." दोघांनाही मी नको म्हटलं.

चेहरा नव्हता, आवाज नव्हता, नाव तर नव्हतंच. काळोखात चार ठिपके होते, आणि माझ्याशी बोलणं टाकलेल्या माणसाने मला त्यात ओळखलं. मी स्वतःला ओळखलं नव्हतं. त्या सूटमध्ये मी तुझी नक्कल करत होतो, तरीही.

पहिलं चित्रण या महिन्याच्या शेवटच्या सोमवारी आहे. तू ये. कॅमेरा घेऊन कॉरिडॉरच्या त्या टोकाला उभा राहा आणि मी तुझ्याकडे चालत येतो. डोळ्यांत पाणी वगैरे आणू नकोस, नीट दिसणार नाही. माझं काय काय हलायचं थांबलंय ते बघ, आणि तोंडावर सांग.

दादा